कोठाराची किल्ली

सूरह यूसुफचा किस्सा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. भावांनी विहिरीत टाकलेला मुलगा, मिसरच्या बाजारात झालेली विक्री, अझीझच्या घरात आलेला आळ, तुरुंग, बादशहाचे स्वप्न आणि शेवटी बापलेकाची भेट. मौलवीसाहेब वाझमध्ये हा किस्सा सांगू लागले की पडद्याआडून हुंदके ऐकू येतात. परंतु या किश्शात मध्येच एक प्रसंग येतो आणि त्यापाशी आम्ही सहसा थांबत नाही. बादशहा यूसुफ (अ.) यांना आपल्या जवळचे स्थान देऊ करतो, तेव्हा ते स्वतःहून मागणी करतात. देशाची कोठारे आपल्या हाती द्यावीत, आपल्याला ती राखता येतात आणि त्या कामातले कळतेही, अशी ती मागणी आहे. दुष्काळ दारात उभा आहे आणि एक नबी पद मागत आहे.

याच्या अगदी उलट शिकवणही आमच्याच परंपरेत आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांच्याकडे दोघेजण अधिकारपद मागायला आले. जो पद मागतो किंवा त्याची लालसा धरतो, त्याला आपण ते देत नाही, असे पैगंबरांनी त्यांना सांगितल्याचे हदीसमध्ये येते. अब्दुर्रहमान बिन समुरा यांनाही त्यांनी हेच बजावले होते. मागून मिळालेल्या पदाचे ओझे एकट्याने वाहावे लागते, न मागता आलेल्या पदासोबत मदतही येते, असा त्याचा आशय आहे.

मग खरे काय मानायचे? पद मागू नये हे, की संकट आल्यावर पुढे होऊन किल्ली मागावी हे? जुन्या मुफस्सिरांनी यावर पुष्कळ विचार केला आहे. ज्याला काम येते आणि जो मागे राहिला तर लोकांचे नुकसान होईल, त्याने मागावे, असा त्यातला एक सर्वमान्य निष्कर्ष. तो पटतो. तरी प्रश्न संपत नाही. कारण निवडणुकीला उभा राहणारा प्रत्येकजण हेच म्हणत असतो. काम आपल्यालाच येते आणि आपण मागे राहिलो तर देशाचे वाटोळे होईल, असे न म्हणणारा उमेदवार आम्ही तरी पाहिलेला नाही.

लोकशाहीत पद मागितल्याशिवाय मिळत नाही. अर्ज भरावा लागतो, सभा घ्याव्या लागतात, स्वतःची तारीफ स्वतःच करावी लागते. ते गैर आहे असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. म्हणून प्रश्न जरा वेगळ्या रीतीने विचारायला हवा. पद मागणे चालू असतानाच संकट कोसळले, तर मागणाऱ्याने काय करावे? संकटात हात घालावा की हात राखून बसावे? आणि हात घातलाच, तर तो सेवेसाठी आहे की दिखाव्यासाठी, हे आपण कशावरून ओळखावे? दिखाव्याला आपल्याकडे रिया म्हणतात आणि रियाने नमाजसुद्धा वाया जाते, हे आपल्याला मदरशातच शिकवलेले असते.

या प्रश्नाचे एक उदाहरण २००८ च्या सप्टेंबर महिन्यात साऱ्या जगाने पाहिले.

*

अमेरिकेत तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक सहा-सात आठवड्यांवर आली होती. रिपब्लिकन पक्षाचे जॉन मॅकेन आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे बराक ओबामा आमनेसामने होते. दोघेही सिनेटर. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स या जुन्या गुंतवणूक बँकेने दिवाळे जाहीर केले. त्याच दिवशी फ्लोरिडातल्या एका सभेत मॅकेन यांनी देशाच्या अर्थव्यवस्थेचा पाया भक्कम असल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी एआयजी या विमा कंपनीला वाचवण्यासाठी मध्यवर्ती बँकेला ८५ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर करावे लागले.

या पडझडीचे मूळ घरांच्या कर्जांत होते. ज्यांना हप्ते फेडणे झेपणार नाही, त्यांनाही गृहकर्जे वाटली गेली. अशा हजारो कर्जांची मोट बांधून त्यांचे रोखे झाले, ते रोखे जगभर विकले गेले. घरांच्या किमती चढत होत्या तोवर सगळे खूश होते. कर्ज देणाऱ्याला दलाली मिळत होती, रोखे विकणाऱ्याला बोनस मिळत होता. किमती उतरू लागल्या तेव्हा कोणत्या रोख्यात किती बुडीत कर्ज दडले आहे, हे कोणालाच सांगता येईना. बँकांचा बँकांवरचा भरवसा उडाला आणि रोजच्या व्यवहाराला लागणारा पैसाही आटू लागला.

२० सप्टेंबरला वित्तमंत्री हेन्री पॉल्सन यांची योजना बाहेर आली. अवघी तीन पाने. बुडीत रोखे विकत घेण्यासाठी सरकारने ७०० अब्ज डॉलर वापरावेत, आणि वित्तमंत्र्यांच्या या निर्णयांची तपासणी कोणत्याही न्यायालयाला करता येऊ नये, असे त्यात लिहिले होते. एवढी मोठी रक्कम आणि हिशेब विचारायची सोय नाही! दोन्ही पक्षांचे लोक भडकले. काँग्रेसचे सभासद आणि वित्तखाते यांच्यात वाटाघाटी सुरू झाल्या. देखरेख कोणी करायची, पैसा टप्प्याटप्प्याने द्यायचा का, बँकांच्या अधिकाऱ्यांच्या पगाराला लगाम घालायचा का, घरे जाणाऱ्यांसाठी काही ठेवायचे का, असे मुद्दे होते.

बुधवार, २४ सप्टेंबरला मॅकेन यांनी जाहीर केले की आपण प्रचार स्थगित करून वॉशिंग्टनला परतत आहोत. शुक्रवारी मिसिसिपी विद्यापीठात होणारा वादसंवादही पुढे ढकलावा, असे त्यांनी सुचवले. त्यांच्या प्रचाराचे घोषवाक्यच ‘देश आधी’ असे होते. चाचण्यांत ते त्या दिवसांत मागे पडू लागले होते, हेही खरे. ओबामांचे उत्तर असे होते की राष्ट्राध्यक्षाला एका वेळी एकाहून अधिक कामे करता आली पाहिजेत. वादसंवाद रद्द करायला ते तयार झाले नाहीत.

मॅकेन यांच्या विनंतीवरून राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी व्हाइट हाउसमध्ये बैठक बोलावली. दोन्ही उमेदवार आणि दोन्ही पक्षांचे नेते एका टेबलाभोवती आले. त्या दिवशी त्याआधीच दोन्ही पक्षांच्या काही वाटाघाटी करणाऱ्यांनी तत्त्वतः समझोता झाल्याचे सांगितले होते. त्यांत युटा राज्याचे रिपब्लिकन सिनेटर रॉबर्ट बेनेट होते. परंतु प्रतिनिधीगृहातल्या रिपब्लिकनांना तो मान्य नव्हता. बैठकीत डेमोक्रॅट नेत्यांनी आपल्या बाजूने बोलायचे काम ओबामांवर सोपवले. ओबामांनी तयारीने मांडणी केली. ज्यांनी बैठक मागितली होती ते मॅकेन मात्र बराच वेळ गप्प राहिले. बोलले तेव्हाही वित्तमंत्र्यांची योजना मान्य आहे की आपल्या पक्षबांधवांची पर्यायी योजना, हे त्यांनी स्पष्ट केले नाही. बैठक आरडाओरड्यात मोडली. नंतर पॉल्सन यांनी सभापती नॅन्सी पेलोसी यांच्यापुढे गुडघा टेकून बोलणी मोडू नका अशी विनवणी केली, ही गोष्ट त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे.

शुक्रवारी मॅकेन वादसंवादाला हजर राहिले. समझोता अजून झालेला नव्हता.

सोमवारी, २९ सप्टेंबरला, प्रतिनिधीगृहाने विधेयक २२८ विरुद्ध २०५ मतांनी फेटाळले. मॅकेन यांच्या पक्षाच्या १३३ सभासदांनी विरोधात मत दिले, ६५ जणांनी बाजूने. न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक त्या एका दिवसात ७७७ अंकांनी कोसळला. मग विधेयकात फेरफार झाले. १ ऑक्टोबरला सिनेटने ते ७४ विरुद्ध २५ मतांनी मंजूर केले. मॅकेन आणि ओबामा दोघांनीही बाजूने मत दिले. ३ ऑक्टोबरला प्रतिनिधीगृहात २६३ विरुद्ध १७१ असा निकाल लागला आणि त्याच दिवशी बुश यांची सही झाली.

*

आता या साऱ्याचा न्याय कसा करायचा?

मॅकेन ढोंगी होते, मतांसाठी नाटक केले, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्यांच्या विरोधकांनी तसे म्हटलेही. आम्हाला ते इतके सोपे वाटत नाही. हाच माणूस व्हिएतनाम युद्धात १९६७ साली विमान पाडले गेल्यावर कैद झाला आणि साडेपाच वर्षे कैदेत राहिला. वडील नौदलातले मोठे अधिकारी म्हणून शत्रूने १९६८ साली त्यांना आधी सोडायची तयारी दाखवली. आपल्याआधी पकडलेले कैदी आत असताना आपण बाहेर जाणार नाही, असे सांगून त्यांनी नकार दिला. त्यानंतर त्यांचे हाल झाले. सुटकेचा दरवाजा उघडा असताना जो तुरुंगात बसून राहिला, त्याने ‘देश आधी’ म्हटले तर त्याची टर उडवताना आपली जीभ जरा चाचरली पाहिजे. नियत फक्त अल्लाह जाणतो, हे आपण रोज म्हणतो. ते दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या देशाच्या राजकारण्यालाही लागू आहे.

पण नियत कळत नाही म्हणून कृतीचाही न्याय करायचा नाही, असे होत नाही. आणि इथे आम्हाला यूसुफ (अ.) यांचा किस्सा पुन्हा वाचावासा वाटतो. त्यातला घटनांचा क्रम आमच्या नजरेतून इतकी वर्षे सुटला होता.

बादशहाच्या स्वप्नाचा अर्थ विचारायला माणूस तुरुंगात येतो. हा तोच जुना सोबती, जो सुटल्यावर यूसुफना विसरून गेला होता. अशा वेळी आपल्यासारख्याने काय केले असते? अर्थ मला ठाऊक आहे, पण आधी मला इथून बाहेर काढा, असे म्हटले असते. यूसुफ तसे म्हणत नाहीत. ते तिथेच, कोठडीतच अर्थ सांगून टाकतात. नुसता अर्थ नव्हे, उपायही. सात वर्षे पेरा, खाण्यापुरते काढा, बाकीचे कणसातच राहू द्या, पुढच्या सात वर्षांना ते लागेल. यात अट नाही, सौदा नाही. पुढे बादशहाचे बोलावणे येते तेव्हाही ते लगेच उठत नाहीत. आपल्यावरच्या आळाची आधी चौकशी व्हावी म्हणतात. ती होते, ते निर्दोष ठरतात. आणि त्यानंतरच ते कोठारे मागतात.

म्हणजे ज्ञान आधी देऊन टाकले आणि पद नंतर मागितले. पद मिळाले नसते तरी मिसरला उपाय मिळालेलाच होता. त्यांच्या मागणीला लालसा म्हणता येत नाही, ते आम्हाला वाटते या क्रमामुळे.

हा निकष लावला तर २४ सप्टेंबरच्या त्या घोषणेत काय खटकते ते नीट सांगता येते. उमेदवार संकटात पडला हे वाईट नव्हते. तो सिनेटर होता, मत देणे आणि मत बनवणे त्याचे कामच होते. खटकते ते हे, की तो आला आधी आणि उपाय त्याच्याकडे नंतरही नव्हता. येत असल्याचा गाजावाजा झाला, बैठक मागितली गेली, आणि बैठकीत आपली बाजू कोणती हे सांगायची वेळ आली तेव्हा शब्द नव्हते. वित्तमंत्र्यांच्या योजनेला उघड पाठिंबा द्यावा तर स्वतःचा पक्ष दुरावतो, विरोध करावा तर बाजार कोसळल्याचे खापर फुटते. त्या कचाट्यात कोणीही सापडला असता. मात्र कचाट्यात सापडलेल्याने किंमत मोजून एक बाजू घ्यायची असते, नाहीतर मुळात बैठक मागायची नसते.

ओबामांनाही आम्ही फुकटचे प्रशस्तिपत्र देणार नाही. पुढे असलेल्याला शांत राहणे परवडते. त्यांच्या संयमात शहाणपण किती आणि हिशेब किती, हेही अल्लाहलाच ठाऊक. निवडून आल्यावर, १५ जानेवारी २००९ रोजी, योजनेतले उरलेले ३५० अब्ज डॉलर रोखण्याचा ठराव सिनेटने ५२ विरुद्ध ४२ मतांनी फेटाळला. तो पैसा खुला व्हावा म्हणून ओबामांनी पदग्रहणाआधीच बुश यांना विनंती केली होती आणि स्वपक्षीयांची समजूत काढली होती. लोकांना न आवडणारी गोष्ट आपल्या नावावर घेण्याची ती वेळ होती आणि त्यांनी ती घेतली. पण तेव्हा निवडणूक होऊन गेली होती, हे विसरू नये.

खरी किंमत मोजली ती भलत्यांनीच. ज्या रॉबर्ट बेनेट यांचे नाव वर आले, त्यांना २०१० साली त्यांच्याच पक्षाच्या राज्य अधिवेशनाने उमेदवारी नाकारली. बेलआउटच्या बाजूने दिलेले मत हा त्यांच्यावरचा एक मोठा आरोप होता. अठरा वर्षांची सिनेटची कारकीर्द तिथे संपली. त्यांनी प्रचार स्थगित केल्याची कोणी बातमी केली नव्हती. खोलीत बसून कलमे जुळवणाऱ्यांपैकी ते एक होते.

*

याच प्रश्नाला तोंड देणारा आणखी एक उमेदवार आम्हाला आठवतो. दक्षिण कोरियाचे किम दे-जुंग. काळ १९९७ चा.

त्या वर्षी आशियातल्या देशांची चलने एकामागून एक गडगडली. कोरियाची परकीय गंगाजळी संपत आली. सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरले आणि ३ डिसेंबरला करार झाला. सर्व मिळून सुमारे ५७ अब्ज डॉलरची मदत, आणि तिच्या बदल्यात कडक अटी. मतदान होते १८ डिसेंबरला. मावळते सरकार सही करणार आणि अटी पाळायच्या पुढच्याने, म्हणून नाणेनिधीने प्रमुख उमेदवारांकडूनही करार पाळण्याची हमी मागितली. मतदान व्हायच्या आधीच उमेदवारांना सावकाराला जबान द्यावी लागली. लोकशाहीच्या दृष्टीने ही गोष्ट साधी नाही. उद्या लोक ज्याला निवडतील, त्याचे हात आजच बांधून घेतले जात होते.

किम यांची सुरुवातही निर्मळ नव्हती. हमी दिली, आणि प्रचारात मात्र अटींवर फेरवाटाघाटी करू असे म्हटले. लोकांना ते आवडत होते. बाजार घाबरला तेव्हा त्यांना सूर बदलावा लागला. म्हणजे तेही आधी उमेदवारच होते. सुमारे ३ लाख ९० हजार मतांच्या निसटत्या फरकाने ते निवडून आले, आणि खजिन्याची खरी अवस्था त्यांना कळली. वापरता येईल अशी गंगाजळी चार अब्ज डॉलरच्या आसपास उरली होती. पदग्रहण २५ फेब्रुवारीला होते. तोवर थांबून, दोष मावळत्यांच्या माथी मारून, मग तारणहार म्हणून येणे त्यांना शक्य होते. त्यांनी मावळत्या सरकारबरोबर संयुक्त समिती बसवली, अमेरिकेच्या आणि नाणेनिधीच्या लोकांशी बोलणी केली. कामगार, मालक आणि सरकार यांना एकत्र बसवून फेब्रुवारी १९९८ मध्ये समझोता घडवला. त्या समझोत्यात कामगारकपातीची कायदेशीर मुभा होती. ज्या कामगारांनी त्यांना आयुष्यभर आपले मानले, त्यांच्याच पोटावर येणारी ही गोष्ट होती. दुसऱ्याच्या मतदारांवर ओझे टाकणे सोपे असते. किम यांना ते आपल्या माणसांना सांगावे लागले.

त्याच हिवाळ्यात सुमारे ३५ लाख कोरियन माणसांनी घरातले सोने सरकारच्या कर्जफेडीसाठी आणून दिले. लग्नाच्या अंगठ्या, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या अंगठ्या. एकूण २२७ टन. जिच्या घरात सोने म्हणजे अडीनडीचा एकमेव आधार असतो, त्या बाईला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ऑगस्ट २००१ मध्ये नाणेनिधीचे कर्ज मुदतीआधी फिटले.

किम हेही तुरुंगातून आलेले. १९७३ साली त्यांचे टोकियोतून अपहरण झाले, १९८० साली त्यांना फाशीची शिक्षा झाली, ती पुढे रद्द झाली. यूसुफ, मॅकेन, किम. आपापल्या जागी तिघांनी कैद भोगली. नबीची बरोबरी कोणाशी करायची नाही, हे सांगायला नको. पण यावरून आम्हाला एवढे कळते की जुना त्याग नव्या परीक्षेत आपोआप चालत नाही. कैदेत खरे उतरलेला माणूस व्हाइट हाउसच्या टेबलाशी अडखळू शकतो. प्रत्येक वेळची किंमत नव्याने मोजावी लागते.

आणि मॅकेन यांनी ती मोजलीही, वेगळ्या ठिकाणी. १० ऑक्टोबर २००८ ला मिनेसोटातल्या सभेत एका बाईने ओबामा अरब असल्याचे सांगत त्यांच्याविषयी अविश्वास व्यक्त केला. मॅकेन यांनी तिच्या हातून माइक घेतला आणि ते सभ्य, कुटुंबवत्सल नागरिक आहेत, आपले त्यांच्याशी फक्त मतभेद आहेत, असे सांगितले. त्याच सभेत ओबामांची बाजू घेतल्याबद्दल स्वतःच्याच लोकांनी त्यांची हुर्यो उडवली होती. अरब असणे आणि सभ्य असणे यांत विरोध कसला, हा प्रश्न त्या उत्तरात राहूनच गेला. तो ज्या ठिकाणी दुखतो ते ठिकाण आपल्याला ठाऊक आहे. नऊ दिवसांनी कॉलिन पॉवेल यांनी तो मोकळेपणाने विचारला. समजा मुसलमान असले, तर बिघडले काय? तरीही, त्या सभेत मॅकेन यांनी काही गमावून काही सांगितले. २४ सप्टेंबरच्या घोषणेत गमावायचे काही ठेवले नव्हते. दोन आठवड्यांच्या अंतराने एकच माणूस आपल्याला दोन्ही गोष्टी दाखवून गेला.

*

पण एवढ्यावर थांबलो तर आम्हीही उमेदवारांच्याच गोष्टीत गुंतलो असे होईल. टेबलाभोवती कोण काय बोलले हे महत्त्वाचे. त्याहून महत्त्वाचे, टेबलाशी कोण नव्हते.

नफा त्याचा, ज्याने जोखीम उचलली, हे फिकहचे जुने सूत्र आहे. व्यापारात लाभ घेणाऱ्याने तोट्याची जबाबदारीही घ्यायची. २००८ मध्ये नफा आधीच वाटून झाला होता, आणि तोटा वाटायची वेळ आली तेव्हा सारा देश भागीदार ठरला. पैसा बुडीत रोखे विकत घेण्यासाठी म्हणून मंजूर झाला. प्रत्यक्षात त्याच ऑक्टोबरमध्ये नऊ मोठ्या बँकांत १२५ अब्ज डॉलरचे भांडवल घालायचे ठरले. बँका सावरल्या, त्यांनी पैसे परतही केले. याउलट, घर वाचवू पाहणाऱ्या कर्जदारांसाठी याच योजनेतून जी रक्कम राखून ठेवली होती, तिचा पहिली काही वर्षे छोटासाच भाग खर्च झाला. लाखो घरांवर जप्ती आली. बँका कोसळल्या असत्या तर त्यांचे हाल अधिकच झाले असते, हे अर्थतज्ज्ञांचे म्हणणे खरे असेलही. ते आम्ही खोडत नाही. पण बुडणाऱ्याला वाचवताना आधी कोणाला होडीत घेतले, हे विचारायचा हक्क मागे राहिलेल्याला असतो.

इथेही यूसुफ (अ.) यांचा किस्सा काही सांगतो. त्यांची मदत सुकाळात राखून ठेवलेल्या धान्यातून आली, म्हणजे सात वर्षे कोणीतरी हात आखडून जेवले होते. आमच्या काळातली मदत पुढच्या पिढीच्या नावावर कर्ज काढून येते. बायबलच्या उत्पत्ती ग्रंथात हीच कथा आणखी पुढे जाते. दुष्काळ लांबला तशी लोकांनी धान्यासाठी आधी पैसा दिला, मग गुरे, मग जमीन, शेवटी स्वतःला. जमिनी फरोहच्या झाल्या. कुराणात हा भाग नाही. पण संकटात मिळालेली मदत माणसाला जगवते आणि त्याचबरोबर कोणाच्या तरी मालकीचा करून सोडू शकते, हा इशारा कोणत्याही ग्रंथातून आला तरी घ्यावा असा आहे. कामावरून काढल्या गेलेल्या कोरियन कामगाराला आणि जप्ती आलेल्या अमेरिकन घरमालकाला तो नीट समजेल.

म्हणून उमेदवाराला आम्ही काय विचारावे, ते आता थोडेसे ठरवता येते. तू पद मागतोस याबद्दल आमची तक्रार नाही. तू मागण्याआधी काय देऊन टाकलेस, ते सांग. तुझ्याकडे उपाय असेल तर तो तू जिंकण्याची वाट पाहत खिशात ठेवलास का? तू एक बाजू घेतलीस तेव्हा तुझे स्वतःचे काय गेले? आणि ज्यांच्या नावाने तू टेबलाशी बसलास, त्यांच्यापैकी कोणाला तू बाहेर येऊन तोंड दाखवलेस?

हे प्रश्न वॉशिंग्टनला विचारून आम्हाला मिळणार काय, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण अमानत हा शब्द आपण फार वापरतो. जमातीचा फंड असो, पतपेढी असो, शिक्षणसंस्था असो, अडचण आली की किल्ली मागायला कोणीतरी पुढे येतोच. तेव्हा त्याची दाढी, त्याचा जुना त्याग, त्याचे घराणे पाहून आपण किल्ली देऊन टाकतो. यूसुफ (अ.) यांनी स्वतःविषयी यातले काहीच सांगितले नव्हते. राखता येते आणि कळते, एवढ्या दोनच गोष्टी त्यांनी सांगितल्या. आणि त्या सांगण्याआधी, तुरुंगाच्या दारातून, धान्य कसे टिकवायचे ते सांगून ठेवले होते.